सव्वीस माणसं, सतरा पांघरुणं

पेठ तालुक्यात बर्फ पडत नाही. पण २०१२ च्या फेब्रुवारीत आमच्या खाचरातल्या पेंढ्यावर सकाळी जे पांढरं दिसलं, ते बघून माझ्या धाकट्या भावाचा पोरगा विचारत होता, "मीठ कोणी सांडलं?" मी पेंढी उचलली तर बोटांत सुई टोचल्यासारखं झालं. दहिवर गोठलं होतं. रोज पहाटे गवतावर पडतं ते साधं दव, पण त्या दिवशी ते पाण्याचं राहिलं नव्हतं. पेंढी झटकली की कण खाली पडत आणि उन्हाची तिरीप आली तशी जागच्या जागी त्यांची ओल व्हायची. आमच्या आईनं तेव्हा सत्तरी गाठली होती. ती म्हणाली, असं मी आजवर पाहिलेलं नाय.

आमच्याकडं 'हिव' म्हटलं की हिवताप आठवतो, थंडी नाही. आम्हाला भीती पावसाची. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पडणारा हा पाऊस. आमची जुनी घरं त्याच्याच धाकानं बांधलेली. वळचण खाली वाकून जावं लागेल इतकी बुटकी, म्हणजे झडीचं पाणी कुडाला लागू नये. कूड कारवीचा, वरून शेणमातीचा हात. पावसाळ्यात आत धूर कोंडू नये, ओल वाळावी, म्हणून कुडाला थोडी फट राहिलेलीच बरी असं जुने लोक म्हणत. आता ही फट आषाढात उपयोगाची असते, माघात नाही. उत्तरेचं वारं त्या फटीतून असं यायचं, की आत बसूनही कुठल्या बाजूनं येतंय ते डोळे मिटून सांगावं. घर पावसाचं आणि आठवडा थंडीचा, असा तो घोळ होता.

त्यात घर भरलेलं. एरवी माघात आमच्या घरी दहा-बारा माणसं असत. बाकीची दसऱ्यानंतर खाली दिंडोरी-निफाडकडं द्राक्षाच्या बागांत जात. 'खाली' म्हणजे उताराला नाही, उलट ते पूर्वेला, सावळघाट चढून जाण्याचं; पण मजुरीला जाणं आमच्या बोलण्यात खालीच. ऑक्टोबर छाटणीला माणूस जातो, मग विरळणी, डिपिंग, शेवटी खुडणी करून शिमग्याला घरी. १९२५ च्या सुमाराला ओझरच्या जयराम कृष्ण गायकवाडांनी नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची लागवड सुरू केली असं सांगतात. पुढं बागा वाढत गेल्या, तसं पेठ, सुरगाणा आणि हरसूलच्या माणसांचं वर्षही बदलत गेलं. पूर्वी सुगी झाली की लाकूड तोडायला कुपावर जायचं, नंतर बागेत जायचं. पावसाळ्याचे चार महिने नागली-भाताचे, पुढचे पाच-सहा महिने द्राक्षाचे. आमचं अर्धं घर त्या साली मोहाडीच्या बाजूला एका बागायतदाराकडं होतं. माझा दोन नंबरचा भाऊ, त्याला सगळे नाना म्हणतात, त्याची बायको, मुलगा, सून. धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दोन लहान पोरं. आणि माझा धाकटा मुलगा.

ती सगळी घरी आली ती मतदानाला. ७ फेब्रुवारी २०१२, मंगळवार, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक. त्या दिवसांत बागांच्या दारात जीपा उभ्या राहतात. मजुरांची एरवी कोणी विचारपूस करत नाही, पण मत असलेल्या मजुराला बसायला जागा मिळते. सोमवारी रात्री आमची माणसं आली. मंगळवारी शाळेत रांग लावून बोटाला शाई लावून घेतली. बुधवारी परत जायचं ठरलेलं. पण आणायला जीप होती, न्यायला नव्हती.

आणि मतदान करून दुसऱ्या दिवशी परतायचं म्हणून अंथरूण-पांघरूण सगळं बागेतल्या पत्र्याच्या खोलीत ठेवून आलेली. इथंच सगळं अडलं. आश्रमशाळेतल्या नानाच्या दोन पोरी घरी आलेल्या, बाळ बघायला माझी बहीण तिच्या दोन पोरांना घेऊन आलेली, आमची विधवा आत्या कायमचीच आमच्यात. मंगळवारी रात्री आईनं कंदिलाच्या उजेडात मोजणी केली. माणसं सव्वीस, तान्ही धरून. पांघरुणं सतरा. अकरा गोधड्या, दोन घोंगड्या, चार सरकारी योजनेतली ब्लँकेटं. त्या ब्लँकेटांत ऊब कमी आणि खाज जास्त.

त्या रात्री माघी पौर्णिमा. आभाळ एवढं स्वच्छ, की अंगणातली तुळस तिच्या सावलीसकट दिसत होती. शेतकऱ्याला हे लक्षण कळतं. ढग असला की तो गोधडीसारखा वर असतो, जमिनीची ऊब धरून ठेवतो. आभाळ मोकळं, वारं पडलेलं, म्हणजे रात्री जमीन उघडी पडणार. उत्तरेकडं हिमालयात बर्फ पडून गेलं, की चार दिवसांनी तिकडची हवा आपल्याकडं येते, हे आता रेडिओवर सांगतात. पण एक गोष्ट रेडिओवर सांगत नाहीत. थंड हवा जड असते, पाण्यासारखी उतारानं वाहत जाते आणि खोलगटात साठते. म्हणून डोंगरावरच्या पाड्यात त्या आठवड्यात गवत हिरवं राहिलं आणि आमच्या ओहोळाकाठच्या खाचरात, जिथं आम्ही थोडा हरभरा आणि वांगी लावली होती, तिथं सगळं उकडून काढल्यासारखं काळं पडलं. उंचावर थंडी जास्त हे पुस्तकातलं गणित आमच्या वांग्यांनी ऐकलं नाही.

नाशिकला गुरुवारी, ९ तारखेला, पारा २.७ अंशांवर गेला, हे पुढं पेपरात वाचलं. आमच्या गावात पारा नव्हता. आमच्याकडं मोहाच्या बियांचं तेल बाटलीत ठेवलेलं असतं, भेगा पडलेल्या टाचांना लावायला. ते थंडीत घट्ट होतंच, पण त्या आठवड्यात एवढं थिजलं, की आत्यानं बाटली चुलीशी धरूनही थेंब निघेना. शेवटी बाभळीचा काटा घालून कोरून काढलं. आमचा पारा तोच.

निजायची व्यवस्था आईनं लावली. माजघरात मधोमध आगटी. तिच्या एका अंगाला बायका आणि लहान पोरं, दुसऱ्या अंगाला पुरुष. खाली भाताचा पेंढा हातभर जाड पसरला, त्यावर गोणपाटं. एका गोधडीत तीन पोरं, मोठं पोर कडेला. माझा मुलगा आणि धाकटा भाऊ गोठ्याच्या बाजूला, बैलांच्या पाठीशी. गोठा आमच्या घराच्याच छपराखाली आहे. शहरातल्या पाहुण्यांना त्याचा वास येतो, पण दोन बैल आणि एक गाय रात्रभर श्वास सोडतात त्याची ऊब कुठल्या शेगडीला येत नाही. त्या आठवड्यात गोठ्याकडची जागा मिळावी म्हणून भांडणं झाली.

दिवसा काम असं नव्हतंच. ऊन अंगणात उतरलं, की सगळे भिंतीला पाठ लावून ओळीनं बसत आणि उन्हाबरोबर सरकत जात. नागलीची भाकर, भाजलेल्या उडदाच्या पिठाचं पातळ कालवण आणि खुरासणीची चटणी. एका जेवणाला सव्वीस माणसांना किती भाकरी लागतात ते आमच्या सुनेला विचारा. तव्यापुढं बसायला मात्र त्या आठवड्यात कोणी नाही म्हणत नव्हतं, पुरुषसुद्धा.

सरपणाचा प्रश्न दुसऱ्या दिवशीच आला. चुलीपुरतं लाकूड होतं, पण रात्रभर आगटी पेटती ठेवायची तर ते पुरेना. अंगणाच्या कडेला राबासाठी गोळा केलेला ढीग होता. ऐनाच्या फांद्यांचा टाहाळ, पालापाचोळा, गोवऱ्या. फाल्गुन-चैत्रात हा राब जाळायचा, त्या भाजलेल्या जमिनीत पावसाच्या तोंडावर नागली आणि भाताचं बी टाकायचं, आणि त्याच रोपांवर वर्षाचं पीक. राबाला हात लावायचा म्हणजे कोठारातलं बी खाण्यासारखं. मी बाबांकडं बघितलं. बाबा ऐंशीला आलेले. ते काही न बोलता उठले आणि पहिली मोळी स्वतः ओढत आत आणली.

आता बाळाचं सांगतो. नानाची सून बागेत कामावर असतानाच तिला दिवस भरायच्या आधी कळा लागल्या. मुलगी झाली, वजन दोन किलोच्या आत. मतदानाला सगळे निघाले तर हिला पत्र्याच्या खोलीत एकटी कशी ठेवणार, म्हणून अकरा दिवसांच्या लेकराला जीपमधून आणलं. चूक होती का? तेव्हा मीही त्याच जीपवाल्याला फोन केला होता, तेव्हा मी कोणाला बोलणार.

बुधवारी दुपारपासून बाळ दूध ओढेना. संध्याकाळी तळपाय गार लागले. आईनं त्याला दोन गोधड्यांत गुंडाळून आगटीजवळ ठेवलं. आमच्यात तसंच करतात. अंधार पडता पडता आशाताई आल्या. त्यांनी बाळाचे पाय बघितले, पोट बघितलं आणि सगळी गुंडाळी सोडली. म्हणाल्या, गोधडी ऊब देत नाही, असलेली ऊब धरते. या लेकराच्या अंगात ऊबच नाही तर गोधडी काय धरणार? टोपी आणि लंगोट एवढंच ठेवा आणि उघड्या छातीवर घ्या, कातडीला कातडी, वरून पांघरूण. सून तापानं फणफणलेली, अंगात थरथर. मग म्हणाल्या, आई नसेल तर आजी, आजी नसेल तर कोणीही. दूध वाटीत काढून चमच्यानं पाजत राहा.

दवाखाना पेठला. तेव्हा १०८ नंबरची गाडी नव्हती, ती महाराष्ट्रात २०१४ मध्ये आली. मोबाइलला रेंज टेकाडावर. पोरं टेकाडावर जाऊन आली. जीपवाला पलीकडच्या पाड्यात होता, तो सकाळी येतो म्हणाला. मोटारसायकलवर त्या वाऱ्यात नेणं म्हणजे वाटेतच घालवणं, हे आशाताईंनीच सांगितलं. त्या घरी गेल्या नाहीत, थांबल्या. सव्वीसाचे सत्तावीस झालो.

पहिली नानाची बायको बसली. दोन तासांनी तिच्या अंगाला कळ लागली तेव्हा माझी बायको. मग बहीण. मग नाना स्वतः. पहाटे तीनच्या सुमाराला आईनं मला हलवलं. म्हणाली, सदरा काढ. मी काढला. आमच्याकडं बाप्यांनी दहा-बारा दिवसांचं लेकरू घ्यायची रीत नाही, माझी स्वतःची मुलं मी चालायला लागल्यावर उचलली. तिनं ते लेकरू माझ्या छातीवर ठेवलं आणि वरून घोंगडी टाकली. वजन असं काही लागतच नव्हतं. पाय मात्र बरगडीला लागले ते ओढ्यातल्या गोट्यांसारखे. मी हललो नाही. खोकला आला तो गिळला. बाळाचा श्वास चालतोय का ते कळायला माझा श्वास धरून बघायचो. समोर आगटीत बाबा एकेक फांदी सारत होते. ते त्या रात्री आडवे झालेच नाहीत.

तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. मोठ्यानं नाही, आगटीकडं बघत. लढाईचं साल होतं. संक्रांत आठवड्यावर आलेली. बाबा दहा-बारा वर्षांचे. लढाईमुळं कापडाची टंचाई, रॉकेलची टंचाई. आजोबा कुपावर लाकूडतोडीला गेलेले, घरात आजी आणि पाच पोरं. घोंगडी घरात एकच उरलेली, दुसरी नागलीच्या बदल्यात सावकाराकडं. अशीच थंडी पडली. सगळ्यांत लहान भाऊ चार महिन्यांचा. त्याला पेंढ्यात घालून चुलीजवळ ठेवला आणि चूल सांभाळायचं काम बाबांना दिलं. "माझा डोळा लागला," बाबा म्हणाले. "सकाळी चूल गार." एवढंच. त्या भावाचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं की मला सांगितलं नाही, ते मी विचारलं नाही.

नाशिकची आजवरची सगळ्यांत कडक थंडी ७ जानेवारी १९४५ ची, ०.६ अंश. थंडी वाढली की दर वर्षी पेपरवाले हा आकडा छापतात. लढाई चालू, संक्रांत आठवड्यावर. बाबांनी आयुष्यात पेपर वाचला नाही, पण दोन्ही खुणा जुळतात. मी तो आकडा वाचला की मला आमची चूल दिसते. शून्य पूर्णांक सहा ही नोंद वेधशाळेची आहे. तिच्यात आमच्या चुलत्याची नोंद असायचं कारण नाही, आणि जन्ममृत्यूच्या वहीत तरी कोणी जाऊन सांगितलं असेल असं मला वाटत नाही. आमच्या भागाचा असा बराच इतिहास कोणाच्या तरी डोळा लागण्यात गेलेला आहे.

उजाडायच्या आत मी बाळ आत्याकडं दिलं. तेव्हा पाय गोट्यासारखे नव्हते. गरम म्हणता येणार नाही, पण माणसाचे वाटत होते. सूर्य वर आल्यावर जीप आली. तिथंही गंमत, जीप टेकाडावरच बंद पडलेली, ड्रायव्हरनं इंजिनाखाली पेंढ्याचा जाळ करून ती चालू केली होती. बाळाला नानाच्या बायकोच्या छातीशी तसंच बांधून, आशाताईंना बरोबर घेऊन पेठला नेलं. तिथं पाच दिवस पिवळ्या दिव्याखाली ठेवलं. सहाव्या दिवशी घरी आणलं. ती मुलगी आता शाळेत आहे, धावण्यात पुढं. तिला हे सगळं ऐकून ऐकून कंटाळा आलाय. "मी कोणाकोणाच्या छातीवर होते" ही यादी आली की ती उठून जाते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, थंडीनं घर एक केलं. सगळे घरी असणार म्हणून नानानं मंगळवारी रात्रीच वाटणीचा विषय काढला होता. साडेसहा एकर जमीन, त्यातली भाताची खाचरं सव्वा एकर, बाकी वरकस. खाचर कोणाला, यावर मतदानाच्या रात्री आमची जोरात झाली. मी मोठा म्हणून मला खाचर पाहिजे असं मी म्हणालो, ते आज वाचायला बरं वाटत नाही. बुधवारपासून शनिवारपर्यंत कोणी त्याचं नाव काढलं नाही. पण त्याच उन्हाळ्यात आखाजीला वाटणी झाली. तलाठी आले, खुंट्या ठोकल्या. खाचर तिघांत वाटलं, बांधातच थोडी जमीन गेली. गोधड्याही वाटल्या. तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला पुरेशा आल्या, कारण एकेका घरात माणसंच थोडी होती.

राबाचाही हिशोब पुढं द्यावा लागला. त्या वर्षी राब भाजायला निम्माच टाहाळ. जमीन नीट भाजली नाही, रोपात तण माजलं, नागलीचं रोप पिवळं आणि विरळ आलं. शेजारच्या पाड्यातून रोप मागून आणलं, त्याच्या बदल्यात दोन माणसं दोन दोन दिवस त्यांच्या आवणीला गेली. बाबांनी त्याबद्दल कधी हळहळ केली नाही.

बागांचं काय झालं ते नाना परत गेल्यावर कळलं. द्राक्षाला चार-पाच अंशांच्या खालची थंडी सोसत नाही. मणी भरायच्या वेळेला आली तर वाढ थांबते, साखर भरताना आली तर मणी तडकतो, नाहीतर हिरव्या मण्यावर गुलाबी छटा येते, तिला पिंक बेरी म्हणतात. तसा माल परदेशाच्या पेटीत चालत नाही. बागायतदार त्या रात्री ओळींमधून शेकोट्या पेटवत होते, पहाटे पाणी सोडत होते. पाणी जमिनीतनं येतं ते हवेपेक्षा कोमट असतं. म्हणजे त्या एकाच रात्री आम्ही घरात लेकरासाठी आगटी पेटवून बसलो होतो आणि ते घडासाठी. त्यांचंही वर्षच त्या वेलीवर होतं, त्यात हसण्यासारखं काही नाही. आणि ज्या युरोपात ही द्राक्षं जातात तिथं त्याच पंधरवड्यात डॅन्यूब नदी गोठली होती, शेकडो माणसं गारठून गेली. हे मी वाचलं ते भजी बांधून आलेल्या कागदावर, महिन्यानंतर.

रविवारी वारं फिरलं. दक्षिणेकडनं थोडी ऊब आली, रात्री आभाळात पातळ ढग दिसले आणि आई म्हणाली, आता झोपा. सोमवारी नाना आणि बाकीचे एसटीनं परत गेले, तिकीट स्वतःचं काढून. मालकानं न भरलेले दिवस उचलीतून कापले. पत्र्याच्या खोलीला कुलूप होतं तसंच होतं, पण आत तीन गोधड्या कमी निघाल्या.